गिधाडाच्या उवा ओळखणाऱ्या काकांना

मनोहरकाका,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि परवा आमच्याकडे गिधाड आलं. त्या एकानंतर इतकी वर्षं आलं नाही, तुम्ही दर महिन्याला विचारायचात तेव्हा आलं नाही, आणि आत्ता आलं. मला असा राग आला की पिंजऱ्यापाशी उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, "आत्ता सुचलं होय रे तुला?" श्रावणी माझ्याकडे बघतच राहिली. श्रावणी म्हणजे माझ्या हाताखाली आलेली नवी डॉक्टर. तिला मराठी कळत नाही, पण सूर कळला असावा.

लांब चोचीचं गिधाड आहे. एका शेतात बसलेलं सापडलं, उडता येत नव्हतं. जंगल खात्याच्या माणसांनी भाजीच्या क्रेटवर जाळी बांधून आणलं. उजव्या पंखाला मार आहे, हाड शाबूत आहे, आणि खायला घातलेलं खातंय. आमच्या पक्षी-उपचार केंद्राच्या नियमाप्रमाणे नवा पक्षी आला की पहिल्याच दिवशी त्याच्या अंगावर उवा मारायची पावडर लावायची असते. मी "आधी जरा सावरू दे" म्हणून दोन दिवस ढकलले. उद्या सकाळी फॉर्म भरून वर पाठवायचा आहे. त्यात एक रकाना आहे, पावडर लावली का. नसेल लावली तर पुढे कारण.

लावली तर त्याच्या पिसांत जे काही जिवंत असेल ते संध्याकाळपर्यंत मेलेलं असेल. नाही लावली आणि पक्षी दगावला, तर निवृत्तीला चार महिने उरलेले असताना मला विचारतील की एवढ्या नोकरीनंतर तुम्हाला साधी पावडर लावता आली नाही? हे ठरवायला मला तुम्ही हवे होतात. परवा हात फोनकडे गेलाही होता, खोटं नाही सांगत. तुमचं नाव काढलं, मग आठवलं, मग फोन पालथा घालून ठेवला.

पावडरीची चूक मी एकदा केलेली आहे. ती तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ती कधी उगाळली नाहीत, हेच जास्त जड आहे.

तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी मंडळी जमली होती तेव्हा एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मनोहरपंत कॉलेजात लॅब असिस्टंट होते, आणि त्यांना किड्यामुंग्यांचा छंद होता." मला उठून सांगावंसं वाटलं की छंद टपालाच्या तिकिटांचा असतो. चाळीस वर्षं पक्ष्यांच्या उवा गोळा करून, काचेवर चढवून, एकेकीचं चित्र काढणाऱ्या माणसाला छंद असतो असं म्हणत नाहीत. पण मी उठले नाही. हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत इतकी गर्दी होती आणि मी इतकी दमले होते की बसूनच राहिले. हल्ली मी बरीचशी भांडणं मनातच उरकते.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल. संक्रांत होऊन गेली होती. मी तेव्हा शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात होते आणि मांज्याने पंख कापलेल्या घारी रोज येत होत्या. त्यातल्या अर्ध्या जगत नसत. तुम्ही कापडी पिशवी घेऊन आलात, बाकावर दीड तास बसलात, आणि तुमची पाळी आली तेव्हा विचारलंत, "अहो डॉक्टरीणबाई, मेलेल्या घारीचं तुम्ही काय करता?"

"पुरतो."

"पुरायच्या आधी अर्धा तास मला देता का? कापणार-बिपणार नाही. फक्त पिसं विंचरून परत देतो."

मला वाटलं माणूस सटकलेला आहे. पण सटकलेली माणसं इतकी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालत नाहीत, म्हणून मी मागच्या ओसरीत जागा दिली. तुम्ही सुलतान बाजारातून घेतलेलं पांढरं सुती कापड पसरलंत, घारीला त्यावर आडवी ठेवलीत, आणि दाढीच्या जुन्या ब्रशने पिसं उलटी झाडायला लागलात. कापडावर काहीतरी पडलं आणि तिरकं पळालं. तुमचा चेहरा असा खुलला की मला माझं काम सोडून वाकावं लागलं.

"बघ, बघ. ही घारीचीच. कावळ्यावर सोड, दोन दिवसांत मरंल. बगळ्यावर सोड, तिथंबी मरंल. घारीवर जन्मली, घारीचीच पिसं कुरतडती, आई पिलाला पंखाखाली घेती तेव्हा आईवरून पिलावर जाती. हिला बाहेरची दुनियाच नाही."

"मग घार मेली की?"

"घार गार व्हायला लागली की हीबी गेली, डॉक्टरीण. हिला उतरून जायला जागाच नाही ना."

'अहो डॉक्टरीणबाई'वरून 'अगं डॉक्टरीण'वर तुम्ही पंधरा मिनिटांत आलात. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली ती तुमची भाषा मला आधी हसू आणायची. नंतर ती कानाला इतकी सवयीची झाली की पुण्याहून इथे कंपनीत नोकरीला आलेली शेजारीण बोलायला लागली की मला ती बातम्या देते आहे असं वाटायचं.

मग रविवारी सकाळी तुमच्याबरोबर कबुतरवाल्यांकडे जाणं सुरू झालं. मी सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून का येत होते, हे माझ्या घरच्यांना कळलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नाही. तुम्ही पिंजऱ्यापुढे उकिडवे बसायचात आणि दुकानदार उवांवरून चिडवत ओरडायचा, "क्या काका, आज फिर जुआँ देखने आए?"

"हौ मियाँ. कबूतरां तुम बेचो, जुआँ मेरेकू देखने देओ."

तो हसायचा आणि स्वतःहून कबुतर धरून पंख पसरून द्यायचा. तुम्हाला कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. कुणी मनावर घेतलेलंही पाहिलं नाही.

तुमच्या बोटांना लवंगेचा वास असायचा. उवा पारदर्शक करायला लवंगेचं तेल लागतं हे मला माझ्या एवढ्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. एकेक ऊ आधी क्षारात उकळून, मग स्पिरिटमधून काढून, मग तेलात ठेवून, काचेवर चिकात बसवायची, आणि त्यावर झाकणाची काच इतकी हलकी टेकवायची की एक पाय मोडता कामा नये. सहा पाय शाबूत नसतील तर तुम्ही ती काचपट्टी बाजूला ठेवायचात आणि दिवसभर घुम्यासारखे बसायचात. लॅटिन नावं तुम्ही जुन्या पुस्तकांतून उतरवून घेतली होतीत, पण वहीत तुमचीच नावं चालायची. पंखाच्या लांब पिसांत राहणारी ती लांबडी, पोटाच्या मऊ पिसांतली ती ढेरपोटी, मानेच्या लवीतली ती भुरकी. गिधाडाच्या टकलावर कुणीच राहत नाही, हे सांगताना तुम्ही स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवायचात.

गिधाडं का गेली, हे मात्र मी तुम्हाला सांगितलं. ते सांगणं मला सोपं गेलं नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा बैलाचा सांधा सुजला, गाईला ताप भरला, की आम्ही डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायचो. लगेच गुण यायचा, जनावर उभं राहायचं, लोक दुवा द्यायचे. त्यातली काही जनावरं तरीही मरायची. ती उघड्यावर टाकली की गिधाडं खायची आणि मांसात उरलेल्या त्या औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आम्हाला माहीत नव्हतं. कळलं, बंदी आली, तोवर वर बघायला काही उरलं नव्हतं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मला वाटलं आता म्हणाल, तुझी काय चूक. तसं म्हणाला नाहीत. म्हणालात, "गिधाडं मेली म्हणून लिहितात. त्यांच्या घरातली माणसं कोण लिहिणार?" आणि बोटांवर मोजून सांगायला लागलात. पंखातली लांबडी, पोटावरची ढेरपोटी, पिसांच्या कण्यावरचे डोळ्यांना न दिसणारे कोळ्याच्या जातीचे जीव, आतड्यातले कृमी. ज्यांना गिधाडाशिवाय दुसरं घर नाही असे सगळे. एका बैलाला सुई टोचली आणि इतकी घरं उठली, आणि सुई टोचणाऱ्या बाईने ऊ नावाचा प्राणी तोवर नीट बघितलाही नव्हता.

तुम्हीच मला उंबराचं सांगितलंत. मी लहानपणी उंबर फोडून आतली केंबरं झटकून खायचे. तुम्ही म्हणालात, त्यातल्या एका चिलटाएवढ्या माशीशिवाय त्या झाडाला बी धरत नाही, आणि त्या झाडाशिवाय ती माशी कुठेच अंडी घालत नाही. माशी संपली तरी झाड लगेच पडत नाही. पन्नास वर्षं सावली देत उभं राहतं. येणाराजाणारा म्हणतो, काय छान झाड आहे. काकू गेल्यानंतर तुम्ही हे सांगितलं होतंत. मी तेव्हा फक्त उंबराचा विचार केला, याची मला आता लाज वाटते.

आपलं खरं भांडण एकदाच झालं. तुमच्या गच्चीत बसलो होतो, दुपारचे चार वाजले असतील. तुम्ही तुमच्या लहानपणच्या गावाचं सांगत होतात. "काय दिवस होते, डॉक्टरीण! गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की घटकेत आभाळ भरून जायचं गिधाडांनी. आता ते पक्षीबी नाहीत आणि ती माणसंबी नाहीत."

मी विचारलं, "ते ढोर गावाबाहेर ओढून कोण नेत होतं, काका?"

तुम्हाला ठाऊक होतं. आमच्या घरी बुद्धाच्या मूर्तीपुढे बसून तुम्ही कितीदा चहा प्यायला होतात. पण मी थांबले नाही. म्हटलं, परभणीकडच्या गावात माझे आजोबा ओढायचे. नाकाला फडकं बांधून, तुमच्या त्या भरलेल्या आभाळाखाली. धर्म बदलला त्या वर्षी त्यांनी आणि भावकीतल्या सगळ्यांनी ठरवून ते काम सोडलं. गावाने पाणी तोडलं, दळण तोडलं, तरी पुन्हा दोराला हात लावला नाही. ते काम गेलं याचं मला तसूभर दुःख नाही. त्या कामावर गावाचं जे जे चालायचं ते बंद पडलं असेल तर पडू दे. एक गेलं की त्याच्या आधाराचं दुसरं जातं, असं तुम्ही हळहळत सांगता. काही वेळा ते गेलेलंच बरं असतं.

आणि चहा न घेता मी खाली उतरले. कोठीच्या बस स्टँडपर्यंत चालत गेले, बस समोर असून. रडत नव्हते, पण कुणी बोलायला आलं असतं तर त्याची खैर नव्हती.

दोन आठवडे तुमचा फोन नाही. मग एका सकाळी दवाखान्यात आलात आणि तुमची पहिली वही माझ्यापुढे उघडून धरलीत. पहिल्या पानावर तुमची प्रस्तावना होती, गिधाडांच्या त्या दिवसांची, सुंदर अक्षरात. ती तुम्ही आडव्या रेघा मारून खोडली होती. खाली नव्या शाईत एकच वाक्य होतं: ज्यांनी ती जनावरं ओढली त्यांना विचारल्याशिवाय या विषयावर लिहू नये. मी वाचलं, वही मिटली आणि म्हटलं, "चहा घेणार?" तुम्ही म्हणालात, "हौ."

याहून जास्त आपण त्यावर बोललो नाही. मला बोलायचं होतं. मला सांगायचं होतं की माझ्याशी वाद घालणारे खूप भेटले, समजूत घालणारे त्याहून जास्त, पण स्वतःच्या हाताने लिहिलेलं खोडून दाखवायला बस धरून आलेले तुम्ही एकटेच. हे मी तुमच्या हयातीत बोलायला हवं होतं. आज बोलते आहे, तर ऐकायला कोणी नाही.

आता पावडरीचं. मी या केंद्रात बदलून आले त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात एक गिधाड आलं होतं. मी कितीतरी वर्षांनी गिधाड बघत होते. खूप आनंद झाला. आणि त्या आनंदात मी जे नेहमी करते ते केलं. पट्टी, सलाईन, पावडर. सगळं करून, हात धुऊन, मग तुम्हाला फोन लावला. "काका, गिधाड आलंय!" तुम्ही दोन बसा बदलून आलात. खिशात चार परीक्षानळ्या, हातात ब्रश आणि घडी घातलेलं कापड. पिंजऱ्याशी आलात, पिसांवरची पांढरी भुकटी बघितलीत, आणि उभेच राहिलात.

पिंजऱ्याखाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. त्यावर सगळ्या पडल्या होत्या. तुम्ही खाली बसलात आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलून नळीत ठेवायला लागलात. पाऊण तास. मी बाजूला उभी होते. मला ओरडला असतात तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी गिधाडही मेलं. मी तुम्हाला म्हटलं, "म्हणजे त्या तशाही मेल्याच असत्या." स्वतःला सोडवून घ्यायला माणूस काय काय बोलतो.

तुम्ही म्हणालात, "चार दिवस तर जगल्या असत्या. मी त्यांना चालताना बघितलं असतं. आत्तापर्यंत मेलेल्याच बघितल्या गं, जुन्या कॉलेजच्या पट्ट्यांवर." मग म्हणालात, "तू वाईट हेतूने केलं नाहीस, डॉक्टरीण. सुईबी वाईट हेतूने टोचली नव्हतीस. परेशान नको होऊ."

ही तुमची समजूत मला आजवर टोचते. वाईट हेतू नव्हता, हे माझ्या सगळ्या नोकरीबद्दल म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती तुम्हाला माहीत नाही. गेल्या उन्हाळ्यात तुमचा एक डोळा पार अधू झाला होता आणि दुसऱ्याचं ऑपरेशन लांबत होतं. मी दुपारी आले होते. तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली एक पट्टी लावून ठेवली होतीत, एका मेलेल्या घुबडावरची. म्हणालात, "बघ जरा. तिसऱ्या पायाच्या बुडाशी केसांची एक ओळ आहे की दोन?" मला पाचच्या आत बस स्टँडवर पोचायचं होतं. मी डोळा लावला, सगळं धूसर होतं, भिंग फिरवून नीट करायला एक मिनिट लागलं असतं. मी म्हटलं, "दोन." तुम्ही समाधानाने मान हलवलीत आणि वहीत लिहिलंत, माझं नाव लिहून, साक्षीदार म्हणून. तुमच्या चाळीस वर्षांच्या वह्यांतली ती शेवटची नोंद आहे, काका. मी बघितलंच नव्हतं. एक असेल किंवा दोन असतील, मला माहीत नाही.

त्या वह्या आणि लाकडी पेट्या आता माझ्या घरी आहेत. तुमच्या नातीने, मुग्धाने, फोन केला होता. "मावशी, घर खाली करायचंय. बाबांनी सांगितलं ओल्ड पेपर्स काढून टाक. पण हे ग्लास स्लाइड्सचे बॉक्सेस आहेत, ते मला थ्रो करवत नाहीये." मी गेले तर ती जमिनीवर मांडी घालून तुमची वही वाचायचा प्रयत्न करत होती. तिला मराठी बोलता येतं, वाचताना अक्षर अक्षर जुळवावं लागतं. "ढे-र-पो-टी. मावशी, हे एखाद्याचं नाव आहे का? आजोबा असं कुणाला म्हणायचे?" मी सांगितलं. ती हसली, मग एकदम रडायला लागली. म्हणाली, आजोबा मला बोलवायचे हे बघायला, मी दर वेळी नेक्स्ट संडे म्हणायचे. मी तिला जवळ घेतलं. तुमचं हे बघायचं आम्हा दोघींकडून सारखंच राहून गेलं.

आम्ही दोन कॉलेजांत विचारलं. एकाने विभागच बंद केलाय. दुसऱ्याने विचारलं की नमुन्यांवर अधिकृत नावं आहेत का. लांबडी आणि भुरकी ही नावं मी सांगितली नाहीत. वहीतलं कुठलं नाव कुठल्या लॅटिन नावाचं, हे तुमच्या डोक्यात होतं. ते आता कुठेच नाही. मी प्रयत्न केला, तीन संध्याकाळी भिंग घेऊन बसले. मला सगळ्या सारख्याच दिसतात. गिधाड गेलं की उवा जातात हे मी तुमच्याकडून शिकले. उवा ओळखणारा गेला की उरलेल्या उवांचं काय होतं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

इथवर लिहून काल थांबले. आता दुसऱ्या दिवसाची दुपार आहे.

सकाळी लवकर केंद्रात गेले. आधी डॉक्टर म्हणून बघायचं ठरवलं होतं, तुमची आठवण बाजूला ठेवून. वजन ठीक. पिसं पडलेली नाहीत, कातडी कुठे लाल नाही, डोळे स्वच्छ. उवांनी हैराण झालेला पक्षी मला ओळखता येतो, तेवढं नक्की येतं. हा तसा नव्हता. श्रावणीने त्याच्या डोक्यावर फडकं टाकून त्याला धरलं आणि मी डावा पंख उघडून भिंग लावलं. या वेळी नीट करायला एक मिनिट घेतलं, काका. जरुरीपेक्षा जास्तच घेतलं.

लांब पिसाच्या दोन धाग्यांमधल्या फटीत एक होती. पिसाच्याच रंगाची, बारीक, लांबट. श्वास लागला तशी तिरकी सरकली आणि पुढच्या फटीत जाऊन बसली. मग आणखी एक दिसली. पोटाकडच्या पिसांत एक गोल, आळशी. तुम्ही सांगितलेली नावं ओठांवर आली, पण खात्री नव्हती. पंख धरलेला असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

"मॅडम, क्या हुआ?" श्रावणीने विचारलं. दुसऱ्या हाताशी पावडरीचा डबा तिने उघडून ठेवला होता. "लगा दूँ?"

"नक्को. इधर आ, पहले देख."

तिने भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. "अय्यो, चल रही है मॅडम. कौनसी है ये?"

"मेरेकू नहीं मालूम."

"फिर कौन बताएगा?"

तिने डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, "फॉर्म में क्या लिखेंगे? ऊपर से फोन आता देखो."

"आने दे."

पावडर लावली का, या रकान्यात मी नाही लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर दहा मिनिटं गेली. पक्षी अशक्त असल्याने, असं लिहून सुटता आलं असतं, आणि मी उभी हयात तसंच लिहून सुटत आले. शेवटी इंग्रजीत एक ओळ लिहिली. तुम्हाला मराठीत सांगते: या पक्ष्यावर अजून कुणी राहतं, आणि त्याला दुसरीकडे जागा नाही. खाली सही केली. श्रावणीने वाचलं आणि न विचारता माझ्या सहीखाली स्वतःची केली.

मी फुशारकी मारत नाही आहे. गिधाड एकटंच आहे. पंख बरा झाला तर ते कुठे जाईल, तिथे दुसरं गिधाड भेटेल का, पंखाला पंख लागून या उवा कुणा पिलावर जातील का, काहीच माहीत नाही. गिधाडांच्या पैदास केंद्रात नेलं तर अंडं यंत्रात उबवतील आणि पिलाला आईचा पंख मिळणारच नाही. बहुतेक हे गिधाड जाईल त्या दिवशी त्याही जातील आणि कुठल्या यादीत एक ओळही कमी होणार नाही. मी कुणाला वाचवलं नाही, काका. फक्त या वेळी माझ्या हातून गेल्या नाहीत.